दृश्य, ऋतू आणि उसने आभाळ : मायब्रिजची ग्वातेमालातील छायाचित्रे

१५४१च्या सप्टेंबरमध्ये, संततधार पावसानंतर, ग्वातेमालाच्या डोंगराळ प्रदेशातील एका ज्वालामुखीच्या उतारावरून चिखल, पाणी आणि दगडधोंडे यांचा लोंढा खाली आला. पायथ्याशी आल्मोलोंगा येथे वसलेली स्पॅनिश राजधानी त्याखाली गाडली गेली. पती पेद्रो दे आल्वारादो याच्या मृत्यूनंतर नुकतीच गव्हर्नरपदी आलेली बेआत्रिस दे ला क्वेव्हा त्या रात्री मरण पावली. पर्वताने आग ओकलेली नव्हती. संहार पावसाने केला होता. तरी शिखरावरच्या विवरातले तळे फुटले, हा समज शतकानुशतके टिकला आणि काक्चिकेल भाषेत हुनाहपू म्हणून ओळखला जाणारा हा ३७६० मीटर उंचीचा पर्वत ‘आग्वा’, म्हणजे पाणी, या नावाने वसाहतीच्या नकाशावर आला. १५४३ साली राजधानी जवळच्या पांचोय खोऱ्यात हलली. १७७३च्या भूकंपांनंतर, १७७६ साली, तिथूनही ती हलवण्यात आली आणि मागे उरलेल्या शहराला ‘जुने ग्वातेमाला’, आंतिग्वा ग्वातेमाला, हे नाव पडले.

या शहरातून दिसणाऱ्या पर्वतांना छायाचित्रापूर्वीच एक वाङ्मयीन रचना लाभली होती. सतराव्या शतकात इथे काही वर्षे राहिलेला इंग्रज धर्मोपदेशक टॉमस गेज याने १६४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात पाण्याचा पर्वत हिरवा आणि सुखद, अग्नीचा पर्वत (फुएगो) ओसाड आणि भयंकर, अशी जोडी लावून दिली. शहर बुडवणारा पर्वत सौम्य आणि धुरकटणारा तेवढा भीषण, हा विरोधाभास त्याला फारसा जाणवलेला दिसत नाही. द्वंद्वाचा मोह वर्णनावर मात करतो, तो असा. पुढे १७३१ साली याच शहरात जन्मलेला आणि १७६७च्या आदेशाने हद्दपार झालेला जेझुइट कवी राफाएल लांदिव्हार याने इटलीत बसून ‘रुस्तिकातिओ मेक्सिकाना’ हे लॅटिन महाकाव्य रचले. १७८१ साली ते मोदेना येथे छापले गेले. त्याच्या आरंभीच्या अर्पणकाव्यात तो ग्वातेमाला नगरीला संबोधतो. ज्या नगरीला तो साद घालतो, ती तोवर कोसळून स्थलांतरित झाली होती. या प्रदेशाचे दृश्य एका अर्थी प्रथमपासूनच अनुपस्थितीतून उभे राहिलेले आहे.

एडवर्ड मायब्रिज इथे आला तो १८७५ साली. आदल्या वर्षी त्याने पत्नीच्या प्रियकराला गोळी घालून ठार केले होते आणि फेब्रुवारीत ज्यूरीने त्याची निर्दोष मुक्तता केली होती. चरित्रकारांना या प्रकरणाचे फार आकर्षण आहे. प्रस्तुत विषयाला त्याहून महत्त्वाचा आहे तो त्याला पाठबळ देणाऱ्या पॅसिफिक मेल जहाज कंपनीचा हेतू. १८६९ साली अमेरिकेत पूर्व-पश्चिम लोहमार्ग पूर्ण झाल्यावर पनामामार्गे होणारी उतारूंची वाहतूक आटली होती. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरची कॉफी आणि प्रवासी आपल्या जहाजांकडे वळावेत, ही कंपनीची गरज होती. दुसरीकडे, १८७३ साली अध्यक्षपदी आलेल्या हुस्तो रुफिनो बारिओस याच्या उदारमतवादी राजवटीलाही परकीय भांडवल हवे होते. पर्वताकडे पाहणारा कॅमेरा या दोन गरजांच्या संधीवर उभा होता.

ग्वातेमालात ऋतू दोन : मे ते ऑक्टोबर पावसाचा, नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा. स्पॅनिश भाषेने मात्र त्यांना युरोपातून आणलेली नावे दिली. पावसाळा तो ‘इन्व्हिएर्नो’, म्हणजे हिवाळा. कोरडे महिने ते ‘व्हेरानो’, म्हणजे उन्हाळा. उत्तर गोलार्धातले हे शहर जुलैत हिवाळा आणि जानेवारीत उन्हाळा भोगते, ते केवळ शब्दांत. पावसाळा या शब्दासाठी कोणाचे ऋण न काढणाऱ्या मराठी वाचकाला ही ओढाताण चटकन कळावी. कोरड्या ऋतूत आग्वाचा शंकू सकाळी कोरून काढल्यासारखा दिसतो. पावसाळ्यात तो पहाटे घटकाभर दर्शन देतो आणि दुपारपर्यंत ढगांत जातो. मायब्रिजच्या मुक्कामाचा बराच भाग पावसाळ्यातला होता.

इथे तंत्राचा प्रश्न अर्थाचा प्रश्न होतो. त्या काळची ओली कोलोडियन काच जागेवरच तयार करून, ओली असतानाच प्रकाशाला दाखवून, लगेच तंबूतल्या अंधारात धुवावी लागे. तिला निळा प्रकाश अतिशय लवकर लागे. परिणामी जमीन नीट उमटेपर्यंत आकाश जळून पांढरेफटक होई आणि ढग नाहीसे होत. मायब्रिजने १८६९ साली आकाशाचा प्रकाश अडवणाऱ्या आपल्या ‘स्काय शेड’ची माहिती प्रसिद्ध केली होती, पण त्याचा अधिक भरवशाचा उपाय वेगळा होता. ढगांच्या स्वतंत्र काचा जमवायच्या आणि छापताना त्या हव्या त्या पर्वतावर बसवायच्या. म्हणजे पावसाळ्यात खरे ढग डोक्यावर असत तेव्हा काच त्यांना नाकारी, आणि चित्रात जे ढग दिसतात ते दुसऱ्या जागेचे, दुसऱ्या वेळेचे असतात. शिवाय खरा ढग पर्वताला झाकतो, उसना ढग त्याला सजवतो. चित्रातला ऋतू कोणत्याही पंचांगात सापडत नाही.

१८७६ साली तयार झालेल्या अल्बमांत उद्ध्वस्त चर्च, ज्वालामुखी आणि कॉफीचे मळे एकत्र येतात. मळ्यांची चित्रे मुख्यतः ‘लास नुबेस’ येथील. या नावाचा अर्थ ‘ढग’ असा व्हावा, हा निव्वळ योगायोग. जंगलतोड, रोपवाटिका, खुरपणी, तोडणी, वाळवण, पोती, बंदर असा कथनक्रम त्यांतून उभा राहतो. पण कॉफीच्या रोपाला फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात; काही महिन्यांच्या मुक्कामात एका रोपाचे चरित्र टिपता येत नाही. शेजारशेजारच्या शेतांत एकाच वेळी चाललेली वेगवेगळी कामे ओळीने मांडून कालक्रम निर्माण केलेला आहे. उसन्या ढगाइतकीच ही रचना कृत्रिम आहे, मात्र ती डोळ्यांत भरत नाही. दोनच वर्षांनी, १८७८ साली, हा छायाचित्रकार धावत्या घोड्याच्या चित्रांची ओळ मांडतो, तेव्हा त्याला एकामागून एक मांडणीचा सराव आधीच झालेला असतो.

अमेरिकन इतिहासकार ई. ब्रॅडफर्ड बर्न्स यांनी १९८६च्या आपल्या पुस्तकात मायब्रिजला सामाजिक नोंदकर्ता मानले आणि या चित्रांना ग्वातेमालातील स्थित्यंतराचा पुरावा म्हणून वाचले. बायरन वुल्फ आणि स्कॉट ब्रेडी यांनी त्याच जागा पुन्हा छायाचित्रित करून २०१७च्या ग्रंथात त्यांतील जोडकाम पुढे आणले. या दोन वाचनांपैकी एकाची निवड करावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. ते टाळले पाहिजे. आभाळ उसने ठरल्याने मळ्यातल्या बायकांचे श्रम खोटे ठरत नाहीत. पण बर्न्स जिथे ‘नोंद’ पाहतात, तिथे क्रमाने काही वगळलेही आहे. मजूर मळ्यापर्यंत कसा आला, हे कोणत्याच चित्रात नाही. नोव्हेंबर १८७६मध्ये बारिओसने प्रांताधिकाऱ्यांना मळेवाल्यांना गावोगावचे मजूर पुरवण्याचा आदेश दिला आणि एप्रिल १८७७च्या नियमावलीने कर्जबद्ध मजुरीला कायद्याचे रूप दिले. बी आणि जहाज यांच्यामधला हा दुवा अल्बमात नाही. तोडणीचे चित्र त्यामुळे निसर्गक्रमातल्या एका ऋतूसारखे भासते : पाऊस येतो, फळ पिकते, माणसे येतात. सक्तीचे निसर्गीकरण म्हणतात ते हेच. ढगांची जुळणी पकडणाऱ्या टीकेने जोडकामाचा शोध आभाळापाशीच थांबवला, तर तिची निम्मी मेहनत वाया जाते.

‘नजर’ ही एकच एक वसाहती वस्तू मानण्यातही धोका आहे. १८७४च्या डिसेंबरात शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी जपानला गेलेल्या मेक्सिकन खगोलतज्ज्ञांबरोबर कोहेई यासू हा जपानी तरुण अमेरिका खंडात आला आणि पुढे ग्वातेमालात पोहोचला. तिथे तो कॅथलिक झाला, हुआन होसे दे हेसुस यास हे नाव घेतले, आंतिग्वात स्टुडिओ थाटला आणि १९१७ साली मरेपर्यंत ग्वातेमालातच राहिला. त्याच्या काचा आंतिग्वातील ‘सिर्मा’ या संशोधन केंद्राच्या छायाचित्र-संग्रहात जतन केलेल्या आहेत. त्याच्यापुढे बसायला गावातलीच माणसे येत, ठेवणीतले कपडे घालून, सणावाराला. त्याला पर्वत गाठायला जहाज लागत नव्हते आणि पावसाळा आला म्हणून आभाळ उसने आणण्याची निकडही नव्हती.