बाजारात किंमत नगण्य, तरी हातून सुटत नाही! बीडचा ‘हाली सिक्का’ आणि नाणेसंग्राहकांचा जीव अडकण्याचं कारण

दिवाळीची साफसफाई निघते. माळ्यावरची जुनी ट्रंक खाली येते आणि तिच्या तळाशी एक गंजलेला डबा सापडतो. डब्यात असतो मधोमध भोक असलेला तांब्याचा पैसा, उर्दू अक्षरांचा एक चौकोनी आणा आणि ॲल्युमिनियमचे हलकेफुलके पाच पैसे. बीड जिल्ह्यातल्या अनेक जुन्या घरांमध्ये असा एखादा डबा निघतोच.

यानंतर दोन गोष्टी घडतात. कुणीतरी मोबाईलवर आलेला व्हिडिओ दाखवून सांगतं, “याचे लाखो रुपये मिळतात.” आणि नाण्यांचा व्यापारी तीच नाणी हातात घेऊन म्हणतो, “साधी आहेत, घरीच ठेवा.”

यात व्यापाऱ्याचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं. मग प्रश्न असा पडतो की ज्या नाण्यांना भाव नाही, ती सोडताना संग्राहकांना इतकं जड का जातं? हौशी संग्राहक एकवेळ महागडं नाणं विकतो, पण पिशवीभर चिल्लर काही केल्या देत नाही. असं का?

याचं उत्तर शोधण्यासाठी आधी या डब्यातली नाणी आली कुठून, ते पाहायला हवं.

हाली सिक्का म्हणजे काय?

१९४८ पर्यंत बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. या संस्थानाचं चलन स्वतःचं होतं. त्याला ‘हाली सिक्का’ म्हणत. ‘हाली’ म्हणजे सध्याचा, चालू. इंग्रजांच्या रुपयाला मात्र लोक ‘कलदार’ म्हणायचे.

दोन्ही रुपये १६ आण्यांचे, पण त्यांची किंमत सारखी नव्हती. सरकारी दराने १०० कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. म्हणजे ६ कलदार बरोबर ७ हाली.

हालीच्या रुपयावर आणि चांदीच्या छोट्या नाण्यांवर चारमिनारचं चित्र असे. त्याच्या कमानीत एक उर्दू अक्षर दिसतं. ‘मीम’ असेल तर नाणं सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळातलं आणि ‘ऐन’ असेल तर १९११ साली गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांच्या काळातलं. तांब्याच्या दोन पैवर आणि चौकोनी आण्यावर चारमिनारऐवजी ‘तुघरा’, म्हणजे नक्षीदार अक्षरांतली राजमुद्रा असते.

आष्टी आणि पाटोद्याचा भाग संस्थानाच्या हद्दीवर होता. पलीकडे इंग्रजी अमलाखालचा नगर जिल्हा. बाजार, सोयरीक, गुरांची खरेदी यासाठी लोकांचं येणंजाणं दोन्हीकडे असे. त्यामुळे या भागातल्या डब्यांमध्ये हाली आणि कलदार अशी दोन्ही नाणी एकत्र सापडली तर नवल नाही.

भोकाच्या पैशावरूनच हा फरक ओळखता येतो. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई होती, तेव्हा इंग्रज सरकारने १९४३ पासून भोकाचा पैसा काढला. त्यावर राजमुकुट असतो. निजामाच्या दोन पैलाही असंच भोक असतं, पण त्यावर इंग्रजांच्या मुकुटाचा मागमूस नाही.

एका पिढीने पाहिलेली तीन चलनं

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाचा भारतातला प्रवेश नक्की झाला. १९५० पासून इथे भारतीय रुपया अधिकृतपणे आला. हाली मात्र लगेच गेला नाही. काही वर्षं दोन्ही चलनं शेजारी शेजारी चालली आणि १९५० चं दशक संपता संपता हाली पूर्णपणे बंद झाला.

त्याच सुमारास दुसरा बदल झाला. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान पद्धत आली. ६४ पैशांचा रुपया १०० ‘नव्या पैशां’चा झाला. चार आण्यांचे २५ नवे पैसे झाले, पण एका आण्याचे सव्वासहा! दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही हा हिशोब नवा होता. १९६४ साली ‘नवा’ हा शब्द गेला आणि नुसता पैसा उरला.

म्हणजे १९४० च्या आसपास बीडमध्ये जन्मलेल्या माणसाने विशी गाठेपर्यंत हाली, आणे आणि नवे पैसे अशी तीन चलनं हाताळली होती. दरम्यान त्याचा जिल्हा आधी हैदराबाद राज्यात, १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात होता. माणूस आपल्या गावातच राहिला, पण त्याच्या खिशातलं नाणं बदलत गेलं.

३० जून २०११ नंतर २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणीही चलनातून बाद झाली. पन्नास पैशांचं नाणं मात्र कायद्याने आजही चालतं, दुकानदार कितीही नाक मुरडो.

जुनं म्हणजे महाग, हा समज कुठे फसतो?

नाण्याची किंमत वयावर ठरत नाही. किती नाणी शिल्लक आहेत, ती कोणत्या अवस्थेत आहेत आणि ती हवी असणारे किती जण आहेत, यावर ती ठरते. दोन पै आणि एक आणा ही रोजच्या वापराची नाणी असल्याने ती भरपूर पाडली गेली. आज घरोघरी सापडतात, म्हणूनच त्यांना भाव नाही.

हालीच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. या नाण्यांवरचं साल हिजरी असतं. उर्दू जाणणाऱ्या कुणीतरी ‘१३६२’ असं वाचून दाखवलं की ऐकणाऱ्याला वाटतं, नाणं साडेसहाशे वर्षांपूर्वीचं आहे! प्रत्यक्षात हिजरी १३६२ म्हणजे इसवी सन १९४३. हिजरी वर्ष चांद्र असल्याने सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं. त्यामुळे सरळ बेरीज-वजाबाकीने इसवी सन निघत नाही, तक्ता पाहावा लागतो.

मग ही नाणी सुटत का नाहीत?

पहिलं कारण माणसाच्या स्वभावात आहे. एखादी वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्या लेखी वाढते. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० साली या प्रवृत्तीला ‘एंडाउमेंट इफेक्ट’ असं नाव दिलं. पुढे डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि थेलर यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. निम्म्यांना साधे कॉफीचे मग दिले आणि खरेदी-विक्री करायला सांगितलं. मग हातात असलेल्यांनी मागितलेली किंमत, मग नसलेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. मग काही मिनिटांपूर्वीच मिळालेला असताना ही गत! आजीच्या बटव्यातून आलेल्या आण्याचं काय होत असेल?

दुसरं कारण साधा व्यवहार. महागडं नाणं विकलं तर हाती रक्कम येते, तिचं काहीतरी करता येतं. दोन पै विकून येणाऱ्या पैशात चहासुद्धा होत नाही. मिळणार जवळपास काही नाही आणि गेलेलं ते नेमकं नाणं परत येणार नाही. अशा सौद्यात ‘राहू दे’ हेच उत्तर येतं. किंमत कमी म्हणून विकणं सोपं वाटतं खरं, पण कमी किमतीमुळेच विक्री अडते.

तिसरं कारण म्हणजे संग्राहकाची नजर. इतरांना दोन नाणी सारखी दिसतात, त्याला दिसत नाहीत. १९८८ पासून निघालेलं गेंड्याचं २५ पैशांचं नाणं घ्या. सालाखाली चौकट म्हणजे मुंबईची टांकसाळ, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. साल आणि टांकसाळ यांची जुळवाजुळव सुरू झाली की एकाच नाण्याचे कितीतरी प्रकार होतात. ‘हे डबल आहे’ असं छातीठोकपणे म्हणायला प्रत्येक नाणं भिंगाखाली धरावं लागतं. तेवढा वेळ कुणाकडे नसतो, म्हणून पिशवी तशीच राहते.

चौथं कारण आठवणीचं. लिलावात घेतलेल्या नाण्यासोबत पावती येते, घरातल्या नाण्यासोबत गोष्ट येते. भोकाचा पैसा लहान मुलाच्या करदोऱ्यात ओवलेला असायचा, कुठे तो वॉशर म्हणून वापरला जायचा. कमळाचे पिवळे वीस पैसे लक्ष्मीपूजनाच्या ताटात असायचे. देवघरातलं नाणं विकणं म्हणजे ‘घरातली लक्ष्मी बाहेर काढणं’ ही भावना आजही पक्की आहे.

व्यापाऱ्याला कसं जमतं?

व्यापारीही माणूसच, मग त्याचा जीव का अडकत नाही? अर्थतज्ज्ञ जॉन लिस्ट यांनी अमेरिकेतल्या खेळाडूंच्या कार्डांच्या बाजारात हे तपासलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की नवख्यांमध्ये एंडाउमेंट इफेक्ट ठळक असतो, पण सतत देवाणघेवाण करणाऱ्या अनुभवी लोकांमध्ये तो खूप कमी होतो. ज्याच्यासाठी वस्तू विकायलाच आणलेली असते, त्याला ती ‘गेली’ असं वाटत नाही.

संग्राहकांसाठी यात एक उपाय आहे. एकदम विकण्यापेक्षा अदलाबदलीपासून सुरुवात केली तर हात लवकर मोकळा होतो.

न सोडण्याची किंमत कोण मोजतं?

नाणी ठेवण्यात चूक काहीच नाही, पण ती नोंद न करता ठेवली तर अडचण होते. कोणतं नाणं कुठून आलं हे फक्त एका माणसाच्या डोक्यात असतं. तो गेल्यावर पुढच्या पिढीला दिसतो तो निव्वळ जड डबा. मग तो एक तर किलोवर भंगारात जातो किंवा ‘लाखो मिळवा’ सांगणाऱ्याच्या हाती पडतो.

दुसरा धोका आजचा आहे. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही. बँकेचं नाव आणि लोगो वापरून शुल्क, कमिशन किंवा कर मागणारे लोक फसवणूक करत आहेत. नाणं विकणाऱ्याकडूनच कुणी आगाऊ पैसे मागत असेल, तर तिथेच थांबावं.

डबा सापडला तर काय करावं?

* चिंच, राख किंवा भांड्याच्या पावडरने नाणी घासू नयेत. चकाकी येते, पण वरचा मूळ थर जातो आणि संग्राहकांच्या लेखी किंमत उतरते.
* प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवून त्यावर साल, कोणाकडून आणि कोणत्या गावातून आलं ते लिहावं.
* हिजरी साल जाणकाराकडून वाचून इसवी सनात बदलून घ्यावं.
* खरोखर दुबार असलेली नाणी गावच्या शाळेला किंवा नव्याने छंद लागलेल्या मुलांना द्यावीत.
* शेतात किंवा शेततळं खोदताना पुरलेली नाणी सापडली तर ती घरी ठेवता येत नाहीत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांपेक्षा जास्त मूल्याच्या अशा ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणं बंधनकारक आहे.
* १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं. ते परस्पर परदेशात पाठवता येत नाही.

चौकोनी आण्याला उद्याही फारसा भाव येणार नाही. पण ‘आष्टीच्या बाजारात पणजोबांना मिळालेला’ एवढी एक ओळ पाकिटावर असेल, तर बीडमध्ये एकेकाळी कोणाचं राज्य होतं आणि कोणता पैसा चालत होता, हे पुढच्या पिढीला तो आणा सांगू शकेल. ती ओळ लिहून झाली की नाणं कुणाला द्यायचं की जवळ ठेवायचं, हे ठरवणंही सोपं जातं.