एका कुलपाची बत्तीस वर्षे : पायथॉन भाषेच्या अंतर्भागाचा इतिहास

१/
सन १९९२. ॲमस्टरडॅममधील सीडब्ल्यूआय या गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत जन्मलेल्या एका लहानशा संगणकभाषेच्या अंतर्भागात एक कुलूप बसवले गेले. ते काढून टाकण्याचा व्यवहार्य मार्ग सापडण्यास पुढे तीन दशके लागली. ते कुलूप का बसले, ते काढण्याचे प्रयत्न का फसले आणि अखेर ते कसे सैल झाले, याची ही हकिकत.

२/
भाषेचे नाव पायथॉन. डच संगणकतज्ज्ञ गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत तिचे काम हाती घेतले आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये तिची ०.९.० ही आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. नावाचा सापाशी संबंध नाही. ते बीबीसीवरील 'माँटी पायथॉन' या विनोदी मालिकेवरून घेतले होते.

३/
पायथॉनमध्ये लिहिलेला कार्यक्रम यंत्राला थेट कळत नाही. मध्ये एक दुभाषी लागतो. त्यालाच इंटरप्रिटर म्हणतात. तो मजकुराचे बाइटकोड नावाच्या छोट्या छोट्या आज्ञांत रूपांतर करतो आणि त्या एकामागून एक पार पाडतो. पायथॉनचा मूळ दुभाषी सी भाषेत लिहिलेला असून त्याला सीपायथॉन म्हणतात. जगभर 'पायथॉन' म्हणून वापरला जातो तो बहुतांशी हाच.

४/
या दुभाष्याला स्मृतीचा हिशेब ठेवावा लागतो. कोणती वस्तू अजून वापरात आहे आणि कोणती टाकून देता येईल, हे ओळखण्यासाठी प्रत्येक वस्तूबरोबर एक आकडा ठेवलेला असतो. कोणी त्या वस्तूचा संदर्भ घेतला की आकडा एकने वाढतो, संदर्भ सोडला की एकने घटतो. आकडा शून्यावर आला की वस्तूची जागा मोकळी होते. पद्धत सोपी आणि चोख. तिला रेफरन्स काउंटिंग, म्हणजे संदर्भगणना म्हणतात.

५/
अडचण येते ती एका कार्यक्रमात अनेक थ्रेड एकाच वेळी चालू लागले की. समजा, एका वस्तूचा आकडा २ आहे. दोन थ्रेड एकाच क्षणी तो वाचतात, दोघेही त्यात १ मिळवतात आणि दोघेही ३ लिहितात. खरा आकडा ४ हवा होता. एक नोंद हरवली. पुढे संदर्भ सुटत गेले की आकडा वेळेआधीच शून्यावर येतो आणि वापरात असलेली वस्तू पुसली जाते. कार्यक्रम कोसळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचे उत्तर देत राहतो.

६/
१९९२ मध्ये पायथॉनला थ्रेडची सोय मिळाली, तेव्हा यावरचा सर्वांत सरळ उपाय निवडण्यात आला. संपूर्ण दुभाष्याला एकच कुलूप आणि एकच किल्ली. ज्या थ्रेडच्या हाती किल्ली, त्यानेच बाइटकोड चालवायचा. बाकीच्यांनी वाट पाहायची. फाइल वाचणे किंवा नेटवर्कवरून उत्तर येणे अशा रिकाम्या काळात किल्ली दुसऱ्याला द्यायची. याच कुलपाचे नाव ग्लोबल इंटरप्रिटर लॉक, संक्षेपाने गिल.

७/
आजच्या नजरेने हा निर्णय आखूड वाटेल. पण तो त्या काळाच्या संदर्भातच पाहावा लागतो. तेव्हाच्या बहुतेक संगणकांत एकच प्रोसेसर असे. प्रत्यक्षात एका वेळी एकच काम चालणार होते, मग एका किल्लीने काहीही हिरावले जात नव्हते. उलट दुभाष्याची रचना साधी राहिली आणि एकाच थ्रेडवर चालणारे कार्यक्रम वेगवान राहिले.

८/
कुलपाने आणखी एक मोठे काम नकळत केले. सी भाषेत लिहिलेली जुनी गणिती ग्रंथालये पायथॉनला जोडणे सोपे झाले. जोडणी लिहिणाऱ्याला थ्रेडची चिंता करावी लागत नसे, कारण किल्ली आपल्या हाती असताना दुसरे कोणी ढवळाढवळ करणार नाही याची त्याला खात्री होती. नमपायसारखी साधने याच वातावरणात वाढली. विज्ञानाच्या क्षेत्रात पायथॉनचा जो विस्तार झाला, त्याच्या पायाशी ही खात्रीही आहे. परंतु हळूहळू हजारो लोकांचा कोड त्या कुलपावर विसंबून राहू लागला, आणि हे विसंबणे कुठेही लिहून ठेवलेले नव्हते.

९/
कुलूप काढण्याचा पहिला गंभीर प्रयत्न १९९६ मधला. ग्रेग स्टाइन यांनी पायथॉन १.४ साठी एक पॅच तयार केला. त्यांनी एक मोठे कुलूप काढून सूची, शब्दकोश यांसारख्या रचनांना स्वतंत्र छोटी कुलपे लावली. पॅच चालला, पण प्रत्येक छोटे कुलूप उघडण्या-लावण्याला वेळ लागतो. त्या काळी ज्या विंडोजवर हे काम सर्वांत जलद होत असे, तिथेही एका थ्रेडचा कार्यक्रम जवळजवळ दुप्पट वेळ घेऊ लागला. दोन प्रोसेसर खर्चून हाती आले ते जेमतेम एकाइतके काम. पॅच मुख्य प्रवाहात आला नाही.

१०/
२००५ मध्ये परिस्थिती पालटली. इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांनी घरगुती संगणकांसाठी दोन गाभ्यांचे प्रोसेसर बाजारात आणले. एका गाभ्याचा वेग वाढवत नेण्याचे दिवस संपत आले होते. यापुढची वाढ गाभ्यांच्या संख्येत होणार होती. जे कुलूप एरवी कोणाला जाणवतही नव्हते, ते आता डोळ्यांत खुपू लागले.

११/
सप्टेंबर २००७ मध्ये व्हॅन रॉसम यांनी या मागणीला जाहीर उत्तर दिले. कुलूप काढणारा पॅच आपण स्वीकारू, पण एका थ्रेडच्या कार्यक्रमांचा वेग त्यामुळे कमी होता कामा नये, अशी त्यांची अट होती. तिच्यामागे हिशेब होता. पायथॉनचे बहुसंख्य कार्यक्रम एकाच थ्रेडवर चालत. मूठभरांच्या सोयीसाठी सर्वांनी दंड भरावा, हे त्यांना मान्य नव्हते. पुढची अनेक वर्षे ही अट उंबरठ्यासारखी उभी राहिली.

१२/
मग इतरांना हे कसे साधले? जावाच्या आधारावर उभा असलेला जायथॉन आणि डॉटनेटवरचा आयर्नपायथॉन या दोन्ही दुभाष्यांत असे कुलूप नव्हते. त्यांच्या खालच्या यंत्रणा स्मृतीची सफाई वेगळ्या पद्धतीने करत, संदर्भ मोजत बसत नसत. पण सी भाषेतील जोडण्यांचा प्रचंड साठा त्यांना सहज वापरता येत नव्हता. मूळ दुभाष्याचे बळ त्या जोडण्यांत होते, आणि प्रत्येक जोडणीत आकडा वाढवण्या-घटवण्याच्या आज्ञा ओळीओळीत विखुरलेल्या होत्या. बळ आणि बेडी एकाच धातूची होती.

१३/
दरम्यान कुलूप आहे तिथेच ठेवून त्याची डागडुजी झाली. जुन्या पद्धतीत साधारण दर १०० बाइटकोड आज्ञांनंतर किल्ली सोडली जाई. दोन गाभ्यांच्या संगणकावर किल्लीसाठी अशी झटापट होते की दोन थ्रेड मिळून एकट्या थ्रेडपेक्षाही जास्त वेळ घेऊ शकतात, हे डेव्हिड बीझली यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. आंत्वान पित्रू यांनी नवी व्यवस्था लिहिली. आता आज्ञा मोजायच्या नाहीत, वेळ मोजायची. ५ मिलिसेकंद वाट पाहून थांबलेल्या थ्रेडने किल्ली मागायची. ही सुधारणा फेब्रुवारी २०११ मध्ये पायथॉन ३.२ बरोबर आली.

१४/
देखभाल करणाऱ्यांच्या सावधपणामागे आणखी एक जखम होती. डिसेंबर २००८ मध्ये आलेली पायथॉन ३ ही आवृत्ती जुन्या कोडशी सुसंगत नव्हती. जुना कोड नव्या आवृत्तीवर नेताना जगभरच्या संघांची दमछाक झाली आणि पायथॉन २ चा अधिकृत आधार संपायला १ जानेवारी २०२० उजाडले. भाषेचे घर अकरा वर्षे दुभंगलेले राहिले. असे पुन्हा घडू द्यायचे नाही, हा धडा सर्वांच्या मनावर कोरला गेला.

१५/
२०१६ मध्ये लॅरी हेस्टिंग्ज यांनी 'गिलेक्टमी' नावाचा प्रयत्न जाहीर केला. नाव शस्त्रक्रियेच्या धर्तीवर; शरीरातून अवयव काढावा तसे गिल काढायचे. कुलूप निघाले, पण वेग कोसळला. अनेक गाभे एकाच वस्तूचा आकडा बदलू लागले की तो आकडा असलेला स्मृतीचा तुकडा एका गाभ्याकडून दुसऱ्याकडे सतत ओढला जातो. गाभे कामापेक्षा या ओढाताणीतच वेळ घालवू लागले. वेगवेगळ्या युक्त्या करूनही ही अडचण पुरती सुटली नाही.

१६/
१२ जुलै २०१८ रोजी एका नव्या लेखनचिन्हावरून झालेल्या कडवट वादानंतर व्हॅन रॉसम यांनी अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. २०१९ च्या आरंभी पाच निवडून आलेल्या सदस्यांचे सुकाणू मंडळ स्थापन झाले. कुलपाचा प्रश्न आता एका व्यक्तीच्या कौलावर अवलंबून राहिला नव्हता.

१७/
ऑक्टोबर २०२१ मध्ये मेटा कंपनीतील सॅम ग्रॉस यांनी 'नोगिल' हा चालता नमुना पुढे ठेवला. त्यांच्या रचनेचा गाभा एका निरीक्षणात होता : बहुतेक वस्तू ज्या थ्रेडने निर्माण केल्या, तोच त्यांना हाताळतो. म्हणून प्रत्येक वस्तूला दोन आकडे द्यायचे. एक मालक थ्रेडचा, जो तो बेधडक आणि जलद बदलेल. दुसरा परक्यांचा, जो सावधपणे आणि काहीसा संथ बदलला जाईल. ही कल्पना २०१८ मधील एका शोधनिबंधातून आली होती. तिला पायथॉनमध्ये नांदवण्याचे श्रम ग्रॉस यांचे.

१८/
जोडीला इतर उपायही होते. ज्या वस्तू कार्यक्रमाच्या आरंभापासून अखेरपर्यंत असणारच, त्या 'अमर' मानून त्यांची मोजदादच थांबवायची. स्मृतीवाटपाची जुनी यंत्रणा बदलून मिमॅलॉक वापरायची. सूची आणि शब्दकोश यांना वस्तूगणिक कुलपे, पण वाचताना शक्य तिथे कुलपाविना. यांपैकी अमर वस्तूंची कल्पना स्वतंत्र प्रस्तावातून ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथॉन ३.१२ मध्ये दाखलही झाली.

१९/
जानेवारी २०२३ मध्ये हा आराखडा 'पेप ७०३' या क्रमांकाने औपचारिक प्रस्ताव म्हणून आला आणि दीर्घ चर्चा झाली. प्रश्न तंत्राइतकाच माणसांचा होता. हा गुंतागुंतीचा कोड पुढची वीस वर्षे सांभाळणार कोण? सी जोडण्या लिहिणाऱ्या स्वयंसेवकांवर नवा भार का? नुकताच पायथॉन ३.११ ने मागच्या आवृत्तीपेक्षा सरासरी सुमारे २५ टक्के वेग मिळवला होता. तो पुन्हा गमवायचा का? मेटाने अनुभवी अभियंत्यांचे तीन अभियंता-वर्षांचे श्रम देण्याचे वचन दिले.

२०/
ऑक्टोबर २०२३ मध्ये सुकाणू मंडळाने प्रस्ताव स्वीकारला, पण टप्प्याटप्प्याने आणि माघारीचा मार्ग खुला ठेवून. समाजाला हा बदल पेलवला नाही तर तो मागे घेतला जाईल, असे मंडळाने स्पष्ट नोंदवले. पायथॉन ३ च्या वेळची फाटाफूट टाळण्यासाठी ही तजवीज होती.

२१/
७ ऑक्टोबर २०२४ रोजी पायथॉन ३.१३ प्रसिद्ध झाला. त्याबरोबर कुलूप नसलेली प्रायोगिक बांधणी प्रथमच अधिकृतपणे उपलब्ध झाली. तीत एका थ्रेडचा कार्यक्रम सुमारे ४० टक्के संथ होता, कारण ३.११ मधली वेगवाढीची यंत्रणा तिथे बंद ठेवावी लागली होती. वर्षभराने, ऑक्टोबर २०२५ मधील ३.१४ मध्ये ती यंत्रणा पुन्हा सुरू झाली आणि घट ५ ते १० टक्क्यांवर आली. 'प्रायोगिक' हा शिक्काही गेला. तरीही या आवृत्तीत मुळातून मिळते ती बांधणी कुलपाचीच आहे.

२२/
म्हणजे २००७ ची अट अक्षरशः कधीच पूर्ण झाली नाही. बदलला तो तिच्यामागचा हिशेब. यंत्रविद्येच्या युगात अनेक गाभ्यांचा उपयोग करता न येणे ही किंमत काही टक्के वेगापेक्षा जड ठरू लागली, आणि थोडी घट सोसण्यास समाज तयार झाला. १९९६ चे स्टाइन हरले आणि २०२३ चे ग्रॉस जिंकले, अशी मांडणी म्हणूनच अपुरी ठरते. स्टाइन यांच्या काळात तो सौदा खरोखरच तोट्याचा होता.

२३/
या साऱ्याची कागदपत्रे शाबूत आहेत, हे इतिहासाच्या अभ्यासकांचे भाग्य. १९९० पासूनच्या नोंदी एका संग्रहपद्धतीतून दुसरीत जपून नेल्या गेल्या आणि २०१७ पासून त्या गिटहबवर सर्वांसाठी खुल्या आहेत. कोणती ओळ कोणी, कधी आणि काय कारण देऊन बदलली, हे आज कोणालाही उलगडून पाहता येते. फसलेल्या प्रयत्नांच्या चर्चाही जपल्या आहेत. कुलूप कसे काढावे हे शोधणाऱ्या प्रत्येकाला आधीच्यांचे हात नेमके कुठे अडकले, ते त्यामुळेच वाचायला मिळाले.