रग्बी : कलकत्त्याची चांदी आणि आझाद मैदानाचा चिखल

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातील रग्बी सामना जिंकणाऱ्या संघाला मिळणाऱ्या चषकाच्या मुठी नागाच्या आकाराच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. त्याचे नाव ‘कलकत्ता कप’. कलकत्त्यात १८७३ मध्ये ब्रिटिशांनी स्थापन केलेला रग्बी क्लब काही वर्षांतच मोडकळीस आला. तेथील हवामान या खेळाला मानवेना आणि सभासद टेनिस-पोलोकडे वळले. क्लबातील फुकटचे मद्य बंद झाल्याने गर्दी ओसरली, असेही सांगतात आणि ते खोटे वाटत नाही! अखेरीस १८७८ मध्ये बँकेतील चांदीचे २७० रुपये काढून ते वितळविण्यात आले आणि त्यांचा चषक घडवून इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देण्यात आला. १८७९ पासून हे दोन देश त्यासाठी झुंजत आहेत.

या खेळाच्या जन्माची कथा मात्र तितकी विश्वसनीय नाही. १८२३ मध्ये इंग्लंडमधील रग्बी या गावच्या शाळेत विल्यम वेब एलिस या विद्यार्थ्याने फुटबॉल खेळताना चेंडू हातात घेऊन धाव ठोकली, अशी ती दंतकथा. पुरावा फारसा नाही. तरीही विश्वचषकाला नाव त्याचेच आहे.

प्रथमच सामना पाहणाऱ्याला हा खेळ म्हणजे निव्वळ हाणामारी वाटते. एक नियम ध्यानात ठेवला की चित्र उलगडू लागते : चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. तो बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. त्यामुळे पुढे सरकण्यासाठी धावणे किंवा चेंडूला लाथ मारणे, एवढेच मार्ग उरतात. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकविला की ‘ट्राय’चे पाच गुण मिळतात. त्यानंतरची किक दोन खांबांमधून गेली तर आणखी दोन आणि पेनल्टीचे तीन. प्रत्येकी १५ खेळाडू आणि ८० मिनिटे. कबड्डीत मुरलेल्या मराठी प्रेक्षकाला ‘टॅकल’ समजावून सांगावे लागत नाही. चढाईपटूच्या कमरेला घातलेली पकड त्याने लहानपणापासून पाहिलेली असते. फक्त येथे मानेला वा डोक्याला हात लावणे हा गंभीर गुन्हा आहे. पंचांशी वाद घालण्याचीही रीत नाही. बोलायचे ते कर्णधाराने, तेही अदबीने. सामना संपल्यावर दोन्ही संघ एकत्र जेवतात. या मेजवानीला रग्बीचे जग ‘तिसरा हाफ’ म्हणते.

तरीही हा केवळ सभ्य गृहस्थांचा खेळ होता, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. उत्तर इंग्लंडमधील खाण आणि गिरणी कामगारांना सामन्यासाठी बुडालेल्या रोजाची भरपाई हवी होती. ती नाकारली गेल्याने १८९५ मध्ये खेळच दुभंगला आणि १३ खेळाडूंची ‘रग्बी लीग’ वेगळी झाली. मूळ ‘रग्बी युनियन’ने व्यावसायिकता स्वीकारली ती बरोबर शंभर वर्षांनी, १९९५ मध्ये.

त्याच वर्षी जोहान्सबर्गमध्ये नेल्सन मंडेला यांनी कर्णधार फ्रान्स्वा पिनार यांच्या सहा क्रमांकाची हिरवी जर्सी घालून विश्वचषक त्यांच्या हाती दिला. कृष्णवर्णीयांच्या लेखी ती जर्सी वर्णद्वेषाची खूण होती. २०१९ मध्ये तीच सहा क्रमांकाची जर्सी घालून सिया कोलिसी या पहिल्या कृष्णवर्णीय कर्णधाराने तो चषक उचलला, २०२३ मध्ये पुन्हा. न्यूझीलंडचा संघ सामन्यापूर्वी माओरींचा ‘हाका’ करतो. फिजीला ऑलिंपिकचे पहिले पदक २०१६ मध्ये रग्बीनेच मिळवून दिले, तेही सुवर्ण. ते सात खेळाडूंच्या, १४ मिनिटांच्या ‘सेव्हन्स’ प्रकारात होते.

मुंबईत हा खेळ पावसाळ्याचा. कांगा लीगचे क्रिकेट चिखलात रखडत असते, त्या दिवसांत बॉम्बे जिमखान्यावर रग्बीपटूंना तोच चिखल हवा असतो. १९३३ मध्ये भारतातील पहिला क्रिकेट कसोटी सामना झाला, तेच हे मैदान. अभिनेते राहुल बोस याच मैदानावर खेळून भारतीय संघात गेले आणि पुढे राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. मात्र मैदान जिमखान्याचे, आणि जिमखाना सभासदांचा. बाहेर फॅशन स्ट्रीटच्या पदपथावर राहणारी मुले हा खेळ कुंपणापलीकडून पाहत. येथे सराव करणाऱ्या मॅथ्यू स्पेसी या ब्रिटिश खेळाडूने त्यांना आत खेळायला बोलावले. त्यातूनच १९९९ मध्ये ‘मॅजिक बस’ ही संस्था उभी राहिली.

आज भारतीय रग्बीची खरी ताकद महानगरांबाहेर आहे. भुवनेश्वरच्या कलिंग संस्थेतील आदिवासी मुलांनी २००७ मध्ये लंडनला १४ वर्षांखालील आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली. जून २०१९ मध्ये भारतीय महिलांनी सिंगापूरवर २१-१९ असा, १५ जणींच्या प्रकारातील पहिलावहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळविला. निर्णायक पेनल्टी मारणारी सुमित्रा नायक ओडिशाचीच.

जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात ‘रग्बी प्रीमियर लीग’चा पहिला हंगाम रंगला. सेव्हन्सचा सामना चहा गार होण्याच्या आत संपतो, म्हणून नवख्याने सुरुवात तेथून करावी. १५ जणांचा खेळ मात्र भर पावसात, छत्री घेऊन, मैदानाच्या कडेला उभे राहूनच पाहावा. स्क्रममध्ये सोळा जण एकमेकांना भिडतात तेव्हाचा आवाज दूरचित्रवाणीवर ऐकू येत नाही.