शरीर का लढत नाही?

"अहो, आपलं शरीर साध्या गळवाशी लढतं, मग या गाठीशी का नाही लढत?"

सौ.ने दवाखान्यात विचारलेला हा प्रश्न. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती गेली, प्रश्न मागे राहिला. निवृत्तीनंतर वाचत गेलो, तर उत्तराची वाट इतिहासातच सापडली!

१८९० साली न्यूयॉर्कच्या विल्यम कोली या तरुण सर्जनकडे हाताला सार्कोमा झालेली सतरा वर्षांची मुलगी आली. त्याने हात कापला, तरी काही महिन्यांत ती गेली. अस्वस्थ कोली रुग्णालयाची जुनी दप्तरं चाळू लागला. त्यात एक नोंद मिळाली. मानेवर गाठ असलेल्या एका माणसावर अनेकदा शस्त्रक्रिया झाल्या, उपयोग शून्य. मग त्याला धावरं झालं, खूप ताप आला, आणि गाठ चक्क विरघळली. कोलीने गरीब वस्त्यांत हिंडून त्याला शोधून काढलं. सात वर्षांनंतरही गडी ठणठणीत!

१८९१ पासून कोली रोग्यांना मुद्दाम जंतू टोचू लागला. पुढे मारलेल्या जंतूंचं मिश्रण. काही बरे झाले, काही नाही, काही जंतूंनीच दगावले. असं का, हे कोणालाच सांगता येईना. त्यात क्ष-किरणांचे उपचार आले आणि कोली मागे पडला. १९३६ साली तो वारला. त्याची मुलगी हेलन हिने मात्र वडिलांची कागदपत्रं नेटाने तपासली आणि १९५३ साली कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट उभी केली.

'का' हळूहळू कळत गेलं. १९७३ साली राल्फ स्टाइनमन यांनी डेंड्रायटिक पेशींचं वर्णन केलं. या पेशी म्हणजे हेरच. गाठीतले पुरावे उचलून त्या टी पेशींना दाखवतात, मग टी पेशी चालून जातात. पण गाठीच्या आत फितुरीही असते. काही मॅक्रोफेज गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात, नियामक टी पेशी लढणाऱ्यांना आवरतात, आणि खुद्द लढणाऱ्यांच्या अंगावर ब्रेक असतात, ते गाठ दाबून धरते. हे ब्रेक सोडवण्याची वाट दाखवणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. हा उपाय सगळ्यांना लागू पडत नाही, हेही खरं.

गड तोफांपेक्षा फितुरीने जास्त पडले, हे मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो. तेच तिला सांगता आलं असतं: "अगं, शरीर लढतं. फक्त त्याचेच शिपाई कधी अडवले जातात, कधी फोडले जातात."

उत्तराने ती वाचली नसती. पण आपलं शरीरच आपल्याला सोडून गेलं, असं तिला वाटत होतं, ते तरी वाटलं नसतं.

असो.