थेफ्ट, रॉबरी, बर्गलरी, डकॉइटी

मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी इंग्रजीत रूढ असलेल्या चार संज्ञा. बोलताना त्या सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. कायद्यात मात्र प्रत्येकीचा अर्थ वेगळा आणि शिक्षाही वेगळी. माल किती गेला यावर हा भेद ठरत नाही, तो कसा गेला यावर ठरतो.

थेफ्ट म्हणजे साधी चोरी. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील तिची व्याख्या १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत (कलम ३०३) जवळजवळ तशीच उतरली आहे : जंगम मालमत्ता दुसऱ्याच्या ताब्यातून, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिकपणे घेण्यासाठी हलवणे. वस्तू जागची हलली की गुन्हा पुरा होतो. उभ्या झाडाची चोरी होत नाही. नेण्याच्या इराद्याने ते तोडून जमिनीपासून वेगळे केले की त्याच क्षणी होते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या थेफ्ट ॲक्टनुसार मालक वस्तूला कायमचा मुकावा असा हेतू लागतो. भारतात तो लागत नाही. १९५२ साली जोधपूरच्या हवाई दल अकादमीतून दोन प्रशिक्षणार्थींनी परवानगीवाचून एक हार्वर्ड विमान उडवले आणि ते पाकिस्तानात उतरवले. के. एन. मेहरा खटल्यात (१९५७) सर्वोच्च न्यायालयाने ही चोरीच ठरवली, कारण तात्पुरता गैरलाभही पुरतो. १९६३ च्या एका निकालात तर सरकारी कचेरीतली फाइल थोड्या काळापुरती बाहेर नेऊन परत आणून ठेवणे हीसुद्धा चोरीच ठरली. ‘मी परत देणारच होतो’ ही सबब इथे चालत नाही.

रॉबरी, म्हणजे जबरी चोरी, चोरीला बळाची किंवा तत्काळ इजेच्या धाकाची जोड मिळाल्यावर होते (कलम ३०९). हे बळ चोरी करण्यासाठी किंवा माल घेऊन जाण्यासाठी वापरलेले असावे लागते. माल तिथेच टाकून पळणाऱ्याने पाठलाग करणाऱ्याला धोंडा मारला, तर इजेचा गुन्हा वेगळा लागेल, पण तेवढ्याने जबरी चोरी होत नाही. धाकापोटी माणूस स्वतःच्या हाताने पैसे काढून देतो ते एक्सटॉर्शन. कायद्याच्या मराठीत त्याला ‘बलाद्ग्रहण’ म्हणतात. पोलीस ठाण्यात मात्र सगळे खंडणीच म्हणतात, आणि तेच बरे आहे. धाक देणारा समोर उभा असेल आणि तत्काळ इजेची भीती घालून जागच्या जागी वसुली करत असेल, तर तीही रॉबरीच. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात हमरस्त्यावर केल्यास चौदा वर्षांपर्यंत.

डकॉइटी हा शब्द इंग्रजीने ‘डाका’वरून उचलला. तिची सारी मदार संख्येवर आहे : पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली किंवा करू पाहिलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा (कलम ३१०). हजर राहून मदत करणारेही त्या पाचांत मोजले जातात. ‘दोघांचा पेट्रोल पंपावर दरोडा’ असा मथळा म्हणूनच कायद्याच्या दृष्टीने चुकीचा. याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते आणि दरोड्याची नुसती तयारी करणे हाही गुन्हा आहे.

बर्गलरी ठरते ती जागेवरून. जुन्या इंग्लिश कायद्यात ती रात्री, राहत्या घरात, फोडून शिरण्यापुरतीच होती. १९१६ च्या लार्सनी ॲक्टने तर रात्र म्हणजे नऊ ते पहाटे सहा असे ठरवून दिले होते. १९६८ च्या कायद्याने रात्र आणि फोडणे या दोन्ही अटी काढल्या. चोरीसारख्या इराद्याने इमारतीत बेकायदा प्रवेश केला की आता पुरते; आत हाती काही लागले नाही तरी गुन्हा होतो. भारतीय संहितेत या नावाचा गुन्हा नाही. तिथे जवळचा प्रकार घरफोडीचा.

नाव नसले तरी हा शब्द भारतात विम्याच्या कागदांवर भेटतो. बर्गलरी पॉलिसीत बहुधा बळजबरीने प्रवेश झाल्याची अट असते. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच पॉलिसीच्या खटल्यात गोदामातून गवारीची पोती चोरीला गेल्याचा दावा फेटाळला, कारण बळाने प्रवेश झाल्याचे दिसत नव्हते. दुकानाचा किंवा गोदामाचा विमा उतरवणाऱ्याने पॉलिसीतील बर्गलरीची व्याख्या सही करण्यापूर्वी वाचावी.