ध्वजदिनाची वर्गणी आणि सैनिकाचे म्हातारपण

१/ डिसेंबर उजाडला की बुलढाण्यासह राज्यातील प्रत्येक जिल्ह्यात सशस्त्र सेना ध्वजदिन निधीचे संकलन सुरू होते. छातीवर कागदी ध्वज लागतो, पावती फाडली जाते. या निधीच्या इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला: वर्षातून एकदा जमणाऱ्या वर्गणीवर कुणाचे उभे म्हातारपण कसे निभवायचे?

२/ स्वातंत्र्यापूर्वी ११ नोव्हेंबरला, पहिल्या महायुद्धाच्या स्मृतिदिनी, खसखशीची कागदी लाल फुले देऊन पैसा जमविला जाई. त्यातील काही भाग ब्रिटिश माजी सैनिकांकडे जात असे.

३/ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बुलढाणा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. त्या वेळी सरकारने दर लढाऊ सैनिकामागे दरमहा २ रुपये व बिगरलढाऊमागे १ रुपया राखून ठेवला. हाच युद्धोत्तर सेवा पुनर्रचना निधी. पुढे त्याची वाटणी प्रांतांनी दिलेल्या भरतीच्या प्रमाणात झाली.

४/ ही तरतूद अत्यावश्यक होती. जवानाला निवृत्तिवेतनासाठी सामान्यतः १५ वर्षांची सेवा लागते. युद्धापुरते भरती झालेले असंख्य शिपाई त्याआधीच सेवामुक्त झाले आणि निवृत्तिवेतनाविना गावी परतले.

५/ २८ ऑगस्ट १९४९ रोजी संरक्षणमंत्र्यांच्या समितीने ७ डिसेंबर हा ध्वजदिन ठरविला. फुलाची जागा ध्वजाने घेतली. १९९३ मध्ये केंद्राने माजी सैनिकांसाठीचे वेगवेगळे निधी एकत्र केले. सूत्र जुन्या सावकारीइतकेच सोपे: मुद्दलाला हात लावायचा नाही, खर्च व्याजातून करायचा आणि व्याजाचाही काही हिस्सा पुन्हा मुद्दलात टाकायचा.

६/ राज्याचा ध्वजनिधी याहून वेगळा आहे. गरजू सैनिकाला मात्र दोन्हींसाठी एकच दार ठाऊक असते: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते.

७/ निवृत्तिवेतन नसलेल्या, ६५ वर्षांवरील, हवालदार वा त्याखालील हुद्द्याच्या माजी सैनिकाला केंद्रीय निधीतून आजन्म मासिक साहाय्य मिळते. २०१७ मध्ये ते १,००० वरून ४,००० रुपये झाले, तर २०२५ मध्ये ८,००० रुपये. म्हणजे आठ वर्षांत आठपट.

८/ ही वाढ न्याय्यच होती. पण घोषणेने साहाय्य वाढते, मुद्दल नव्हे. मुद्दल वाढवायला देणारे हात लागतात. ध्वजदिनाची पावती फाडताना नागरिक दान देत नाही. १९४२ च्या शिपायाला दिलेल्या वचनाचा पुढचा हप्ता भरतो.