मरणोत्तर पदवी (वाराणसी)

मरणोत्तर पदवी : अभ्यासक्रम पुरा होण्याआधी किंवा पदवी हाती पडण्याआधी वारलेल्या विद्यार्थ्याच्या नावे विद्यापीठाने दिलेली पदवी. हिंदी प्रदेशात तिला ‘मरणोपरांत उपाधि’ म्हणतात. सन्माननीय पदवीहून ती वेगळी. सन्माननीय पदवीला हजेरी लागत नाही, परीक्षाही लागत नाही. मरणोत्तर पदवीत मात्र सत्रे किती झाली आणि पेपर किती उरले, हा हिशेब आधी होतो.

व्यवहारात दोन निराळ्या गोष्टींना हे एकच नाव पडले आहे. सगळे पेपर उत्तीर्ण होऊन समारंभाआधी विद्यार्थी गेला, तर पदवी त्याने कमावलेलीच असते. समारंभाला न आलेल्या इतरांप्रमाणे ती त्याच्या अनुपस्थितीत जाहीर होते व प्रमाणपत्र घरचे घेतात. खरा पेच अपुऱ्या परीक्षेचा. त्यातही पीएच.डी.चा अधिक : प्रबंध सादर झाला, परीक्षकांचे अहवाल अनुकूल आले आणि मौखिकी राहिली, तर प्रश्न विचारायचे कोणाला? इंग्लंडमधील विद्यापीठांत आजारपणामुळे परीक्षेला मुकलेल्यांसाठी ‘ईग्रोटॅट’ पदवीची जुनी सोय आहे. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘तो आजारी आहे’ एवढाच.

भारतात पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, 1956 च्या कलम 22 नुसार कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. वाराणसीतील काशी हिंदू विद्यापीठ 1915 च्या स्वतंत्र अधिनियमाने उभे राहिले आणि 4 फेब्रुवारी 1916 रोजी त्याची कोनशिला बसली. इथल्या दीक्षांत समारंभात झगा-टोपीऐवजी साफा व उत्तरीय असते, आणि स्नातकांना तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीतील उपदेश केला जातो. तो सगळा उपदेश गुरुगृहातून घरी निघालेल्या शिष्याला उद्देशून आहे. घरी न पोहोचणाऱ्याचा विचार त्यात नाही. विद्यापीठाचे संस्थापक पं. मदनमोहन मालवीय 1946 मध्ये वारले. त्यांना भारतरत्न मिळाले ते 2015 मध्ये, मरणोत्तरच.

वाराणसीत शिक्षण अर्धवट राहून मृत्यू आलेल्यांत सर्वांत ज्ञात नाव क्रांतिकारक राजेंद्रनाथ लाहिरी यांचे. (जन्मवर्ष बहुतेक ठिकाणी 1901 दिले जाते; काही लेखक ते बरेच मागे नेतात.) पूर्व बंगालमधील पाबना जिल्ह्यातून ते लहानपणीच काशीला आले. अटकेच्या वेळी ते काशी हिंदू विद्यापीठात इतिहास घेऊन एम.ए. करत होते. 9 ऑगस्ट 1925 रोजी काकोरीजवळ सरकारी खजिना लुटण्यासाठी आठ डाउन गाडीची साखळी ओढणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. त्यानंतर ते बंगालमध्ये गेले व दक्षिणेश्वरच्या बॉम्ब प्रकरणात पकडले गेले. तिथून त्यांना काकोरी खटल्यासाठी लखनौला आणले. फाशीची तारीख 19 डिसेंबर 1927 ठरली होती. रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान आणि रोशनसिंह यांना त्याच दिवशी गोरखपूर, फैजाबाद व अलाहाबाद येथे फाशी झाली. लाहिरींना मात्र गोंडा तुरुंगात दोन दिवस आधीच, 17 डिसेंबरला फासावर चढवले. एम.ए. राहून गेले. अशा विद्यार्थ्यांच्या वर्गातल्या हजेरीपेक्षा खटल्याचे कागद जास्त टिकले आहेत आणि प्रस्तुत नोंदीचा तोलही त्यामुळेच ढळला आहे.

खेडचे (आता राजगुरुनगर) शिवराम हरी राजगुरू संस्कृत शिकायला काशीला गेले व तिथेच क्रांतिकारकांत सामील झाले. 23 मार्च 1931 रोजी लाहोरला फाशी गेले तेव्हा ते 22 वर्षांचे होते. काशीच्या पाठशाळांत शिक्षणाचे माप पदवीपेक्षा कोणापाशी काय ‘म्हटले’ यावर ठरे, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ‘अपुरी पदवी’ हा शब्दप्रयोग सैलच. शहरातील सरकारी संस्कृत पाठशाळा 1791 ची. तिचेच 1958 मध्ये विद्यापीठ झाले.

प्रत्यक्षात दिल्या गेलेल्या मरणोत्तर पदव्यांत भारतातील ठळक उदाहरण कोलकात्याचे, आणि तेही वस्तुतः अपुऱ्या परीक्षेचे नव्हे, अडवून ठेवलेल्या पदवीचे. क्रांतिकारक प्रीतिलता वड्डेदार व बीना दास दोघी पदवी परीक्षा उत्तीर्ण होत्या. कलकत्ता विद्यापीठाच्या 6 फेब्रुवारी 1932 च्या पदवीदान समारंभात बीना दास स्वतः पदवी घ्यायला आलेल्या स्नातकांत बसल्या होत्या. राज्यपाल व कुलपती स्टॅन्ली जॅक्सन भाषणाला उभे असताना त्यांनी पिस्तुलाच्या गोळ्या झाडल्या. नेम चुकला, नऊ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात पहाडतली येथील युरोपियन क्लबवरील हल्ल्यानंतर प्रीतिलतांनी विष घेतले. विद्यापीठाने दोघींची प्रमाणपत्रे दिली 2012 मध्ये. तोवर बीना दास यांना जाऊनही 25 वर्षे झाली होती.

अलीकडच्या प्रकरणांत निर्णय लवकर होतात. 2007 मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक येथे गोळीबारात मेलेल्या 27 विद्यार्थ्यांना त्याच वर्षी पदव्या दिल्या गेल्या. केरळ आरोग्यविज्ञान विद्यापीठाने 2023 मध्ये, कामावर असताना मारल्या गेलेल्या एका आंतरवासी डॉक्टर तरुणीची एम.बी.बी.एस. पदवी तिच्या आई-वडिलांच्या हाती दिली.

परिणाम : मरणोत्तर पदवीवर नोकरी, व्यवसायाची नोंदणी किंवा पुढचा प्रवेश यांपैकी काही उभे राहत नाही. प्रमाणपत्रावर ‘मरणोत्तर’ हा शब्द छापावा की नाही, याची पद्धत विद्यापीठागणिक वेगळी.